खाडीचा चिखल आणि कॅन्सर

परवा पेणला घरी गेलो होतो. खारेपाटात फिरताना पाय चिखलात रुतला, चप्पल बरबटली, वैतागलो. पण अशाच मातीत कितीतरी औषधं सापडली आहेत.

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांना १९६१ च्या सुमारास तिथल्याच मातीतल्या जीवाणूपासून हॅमायसिन मिळालं. बुरशीवरचं औषध. तेव्हा सगळे जमिनीवरची मातीच धुंडाळायचे. समुद्रात असे जीवाणू दिसले तर ते जमिनीवरून वाहून आलेले, असा समज होता.

तो मोडला कॅलिफोर्नियाच्या फेनिकल आणि जेन्सन यांनी. बहामाच्या समुद्रतळाच्या गाळातला सॅलिनिस्पोरा समुद्राच्या पाण्याशिवाय वाढेचना! २००३ मध्ये त्यातून सॅलिनोस्पोरामाइड ए मिळालं. पेशीतली नको असलेली प्रथिनं मोडणारी यंत्रणा ते बंद पाडतं आणि कॅन्सरची पेशी मरते. आमच्या भाषेत, गार्बेज कलेक्टरच बंद!

झालं औषध? नाही. मेंदूच्या कॅन्सरवर मोठी चाचणी झाली, पण रुग्णांचं आयुष्य काही वाढलं नाही.

तरी वाट खोटी नाही. समुद्री नीलजीवाणूंच्या डोलास्टॅटिनवर बेतलेलं रसायन २०११ पासून लिम्फोमाच्या औषधात आहे.

असो. खाजणात भराव टाकण्याआधी आपण काय बुजवतोय, एवढं तरी बघायला हवं ना?