टिळक दांपत्याची पाच वर्षे

मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातील गाव. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या या सीमेवर मराठी, कानडी व उर्दू या तिन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. पतिपत्नींपैकी एकाने ख्रिस्तावर विश्वास ठेवला व दुसऱ्याने ठेवला नाही, तर त्या विवाहाचे काय, हा प्रश्न अशा प्रदेशातील उपदेशकास नवा नाही. उत्तरादाखल आपण १ करिंथ ७:१२–१६ वाचून दाखवितो. त्या वचनांशेजारी मराठी मंडळीच्या इतिहासातील एक उदाहरण ठेवावे, असे आम्हांस वाटते.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी आधी विश्वासात घेतले नव्हते. हा दोष झाकण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहिल्या, त्यांतील काही काळ पंढरपुरास. त्या दिवसांतील संताप व शोक त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिला आहे.

त्या काळी १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा अमलात होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने त्याग केला, तर धर्मांतरितास दावा लावता येई. न्यायालय एक वर्ष थांबे, आणि तरीही नकार राहिला तर विवाह मोडून दोघेही पुनर्विवाहास मोकळे होत. म्हणजे पौलाने जी गोष्ट शांतीवर सोपविली, तिला कायद्याने मुदत घातली. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाईंनीही धर्म नाकारला, पण नवरा नाकारला नाही. आमच्या मते दोघांच्या निष्ठेत ही अधिक अवघड होती, कारण समाज त्यांना उलटच शिकवीत होता.

पुढे त्या नगरास आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळेओवळे चालूच होते, स्वयंपाक निराळा होता, आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. व्यासपीठावरून आपण ही कथा सांगतो ती १९०० साली राहुरीस झालेल्या लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्यासाठी, आणि मधली वर्षे जणू प्रस्तावना म्हणून उरकतो. पौल मात्र त्या अध्यायात बोलतो तो याच वर्षांविषयी: ज्या घरात एकाचा बाप्तिस्मा झाला आहे, दुसऱ्याचा झालेला नाही, कदाचित होणारही नाही, आणि तरीही चुली दोन असून संसार एकच आहे.