भाताचा जीनोम व पूरसहिष्णू वाण

सजीवाच्या कोशिकेतील एकूण आनुवंशिक द्रव्याला जीनोम म्हणतात. डीएनए रेणूतील क्षारकांचा क्रम वाचणे, त्यातील जीन (आनुवंशिक घटक) ओळखणे व त्यांची कार्ये निश्चित करणे यांचा जीनोम-विश्लेषणात समावेश होतो. पीक-सुधारणेत या विश्लेषणाचा उपयोग कितपत होतो आणि ते कोठे अपुरे पडते, या दोन्ही गोष्टी भाताच्या पूरसहिष्णू वाणांच्या इतिहासावरून स्पष्ट होतात.

भात हे पाण्यात वाढणारे पीक असले, तरी रोपे पूर्णपणे बुडाल्यास बहुतेक वाण आठवड्याभरात मरू लागतात. बुडालेले रोप पाण्याबाहेर येण्यासाठी झपाट्याने उंच वाढते. या वाढीत साठविलेली कार्बोहायड्रेटे संपतात आणि पाणी ओसरल्यावर ते लोळते. पूर्व भारत व बांगला देश येथील सखल खाचरांत असे नुकसान वारंवार होते. त्या भागातील शेतकऱ्यांजवळ मात्र यावर उतारा पूर्वीपासून होता. ओडिशातील धालपुटिया या स्थानिक वाणातून निवड पद्धतीने काढलेला एफआर १३ ए हा वाण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटतो. तथापि तो उंच व कमी उत्पन्न देणारा आहे. चांगल्या वाणांशी त्याचा संकर करण्याचे प्रयत्न अनेक वर्षे झाले. परंतु संततीत सहिष्णुतेबरोबर नको असलेले गुणही उतरत असल्याने त्यांना फारसे यश आले नाही.

केनाँग शू व डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ मध्ये हा गुण मुख्यतः ९ व्या गुणसूत्रावरील एका स्थानाशी निगडित असल्याचे दाखविले. या स्थानाला सब-१ हे नाव मिळाले. याच सुमारास भाताचा संपूर्ण जीनोम वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प जपानच्या पुढाकाराने सुरू झाला. त्यात भारताकडे ११ व्या गुणसूत्राच्या काही भागाचे काम होते व ते दिल्लीतील संस्थांत झाले. निप्पोनबारे या जपानी वाणाचा पूर्ण क्रम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून जीनोमची लांबी सुमारे ३८·९ कोटी क्षारक-जोड्या व जीनांची संख्या सुमारे ३७,५०० ठरली.

या क्रमामुळे ९ व्या गुणसूत्राचा नेमका भाग तपासणे सोपे झाले. परंतु ज्या जीनाचा शोध चालू होता, तो निप्पोनबारेमध्ये नव्हताच. सब-१ ए नावाचा हा जीन एफआर १३ ए च्या डीएनएचा स्वतंत्र अभ्यास केल्यावर हाती लागला व २००६ मध्ये शू, मॅकिल, पामेला रोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी तो प्रसिद्ध केला. एका वाणाचा जीनोम म्हणजे पिकाचा जीनोम नव्हे, हे यावरून लक्षात आले. पुढे सुमारे ३,००० वाणांचे जीनोम वाचण्यात आले व त्यांचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बुडालेल्या रोपात एथिलीन वायू साचतो. त्यामुळे सब-१ ए कार्यान्वित होऊन वाढीला चालना देणाऱ्या जिबरेलिनाच्या क्रियेस आवर घालतो. रोपाची वाढ थांबते व साठा शिल्लक राहतो. थोडक्यात, पूर जाईपर्यंत रोप दम धरते.

या जीनाच्या आसपासच्या डीएनए-खुणा ठाऊक झाल्यामुळे कोवळ्या रोपातच निवड करणे शक्य झाले. आंध्र प्रदेशातील मारुतेरू येथे तयार झालेल्या स्वर्णा या लोकप्रिय वाणाचा सब-१ असलेल्या वाणाशी संकर करून संततीचा पुनःपुन्हा स्वर्णाशीच संकर करण्यात आला. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झालेल्या या कामातून स्वर्णा सब-१ हा वाण निघाला व २००९ मध्ये तो भारतात लागवडीसाठी प्रसारित झाला. पूर न आल्यास तो उत्पन्नात व दाण्यात जवळजवळ स्वर्णासारखाच असतो. जीन संकरानेच आणलेला असल्याने हा वाण जनुकीय अभियांत्रिकीने बनविलेल्या पिकांत मोडत नाही.

जेथे पाणी महिनोन्महिने तुंबून राहते, तेथे मात्र या वाणाचा उपयोग नाही. अशा ठिकाणी खोल पाण्यातील भात नेमका उलट मार्ग पतकरतो आणि पाण्याबरोबर खोडाची उंची वाढवीत जातो. हा गुण देणारे स्नॉर्केल-१ व स्नॉर्केल-२ हे जीन जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये शोधले. निप्पोनबारेमध्ये तेही आढळत नाहीत.