पडद्याचं भोक बुजलं, तरी कान गप्प का बसत नाही?

विहिरीत सूर मारताना कानावर पाणी आदळलं, कानशिलात बसली, काडीने मळ काढताना कुणाचा धक्का लागला, किंवा सर्दीनंतर आत पू साठला, की कानाचा पडदा फाटतो. बोलीत ‘कान फुटला’. हा पडदा जेमतेम १ सेंटिमीटर रुंद आणि कागदासारखा पातळ असतो. मार लागून पडलेली बहुतेक लहान भोकं दोन-तीन महिन्यांत आपोआप बुजतात. डॉक्टर ‘पडदा जुळला’ म्हणतात, पण रुग्णाची तक्रार मात्र सुरूच असते: कान दडपल्यासारखा वाटतो, गिळताना टकटक होते, रात्री शिट्टी वाजते.

ही तक्रार मनाची नसते. मूळ पडद्याला तीन थर असतात. नव्याने भरलेल्या जागी मधला चिवट थर बहुधा येतच नाही. त्यामुळे ती जागा लेचीपेची राहते आणि सर्दीत नाकामागची नळी बंद झाली की आत ओढली जाते. दुसरं कारण पडद्यामागचं आहे. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी मारामुळे निखळली असेल, तर पडदा धडधाकट दिसूनही ऐकू कमी येतं. तिसरं आतल्या कानाचं. तिथे इजा झाली असेल तर शिट्टी किंवा गुणगुण बराच काळ टिकते. ती शांततेत जास्त छळते, म्हणून झोपताना पंख्याचा किंवा रेडिओचा हलका आवाज ठेवल्याने अनेकांना बरं वाटतं.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून ‘म्‌ऽऽ’ असं गुणगुणावं. आवाज दुखऱ्या कानात मोठा वाटला तर दोष बहुधा पडद्याचा किंवा हाडांचा, म्हणजे दुरुस्त होण्याजोगा. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतल्या कानाची शंका येते. हा फक्त अंदाज. खरं उत्तर ऑडिओमेट्रीचं. मात्र मार लागल्याबरोबर भोवळ येऊन ऐकूच येईनासं झालं, तर अंदाज घेत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

भोक उघडं असेपर्यंत खरी गोष्ट एकच: कान कोरडा ठेवणं. अंघोळीला कापसाला व्हॅसलिन लावून तो कानात हलकेच बसवावा आणि नंतर काढून टाकावा. नदी, तलाव, समुद्र बंद. लसूण घालून तापवलेलं तेल फोडणीत ठीक, कानात नको. घरात उरलेले जुने थेंबही घालू नयेत. जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं भोकातून आत गेल्यास आतल्या कानाला इजा करू शकतात. शिवाय अँटिबायोटिक थेंब आठवडेच्या आठवडे घातल्याने कानात बुरशी धरते. कोकण-गोव्याच्या दमट पावसाळ्यात तर ही खाज नेहमीची.

तीन महिन्यांनंतरही भोक तसंच असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण किंवा कानाचीच कूर्चा घेऊन ठिगळ लावतात, आणि बहुतेकांचं ते धरतं. ऐकणं किती सुधारेल हे मात्र मागच्या हाडांवर ठरतं. नंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, आणि विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच.

कानातून वास मारणारा स्राव सतत येत असेल तर ते भोक साधं समजू नये. पडद्याच्या कडेने कातडी आत वाढते आणि हाड पोखरत जाते. याला कोलेस्टीटोमा म्हणतात. थेंबांनी तो जात नाही. कानामागे सूज, तोंड एका बाजूला वाकडं होणं, गरगरणं किंवा तापासह जोराची डोकेदुखी असेल, तर तातडीने मोठं रुग्णालय गाठावं.

बेळगावात तपासणी, मिरजेत ऑपरेशन, पुढे नोकरीसाठी पुणे, असा प्रवास सीमाभागातल्या अनेक घरांत होतो आणि कागद मागे राहतात. चिठ्ठी कन्नडमध्ये असो वा मराठीत, ऑडिओग्रामचा आलेख सगळीकडे सारखाच वाचला जातो: उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. पहिला आलेख जपून ठेवला, तर पुढच्या डॉक्टरला कान सुधारतोय की उतरतोय हे लगेच कळतं.