उलट्या तोंडाची सीट

परवा आईशी चक्क वाजलं. विषय काय, तर लेकीची कारसीट.

आई-बाबा सध्या सहा महिन्यांसाठी इकडे न्यू जर्सीला आलेत. लेक चौदा महिन्यांची आहे आणि गाडीत तिचं तोंड अजून मागे असतं. "अरे, पोरीला शिक्षा केल्यासारखं काय बसवतोस? पाय बघ कसे दुमडलेत! वर्षाची झाली ना, आता फिरव की." मी म्हटलं, "इथे कायदाच आहे." खरंच आहे. मूल दोन वर्षांखालचं आणि ३० पौंडांपेक्षा (म्हणजे साधारण साडेतेरा किलो) हलकं असेल तर तोंड मागेच हवं, असा नियम इथे २०१५ साली आला. पण 'कायदा आहे' हे काही उत्तर नव्हे. म्हणून शनिवारी लॅपटॉप उघडून बसलो.

गंमत म्हणजे १९३० च्या दशकातल्या बेबी सीट्सचा सुरक्षेशी फारसा संबंधच नव्हता. मूल एका जागी बसावं आणि चालवणाऱ्याला नीट दिसावं, एवढाच हेतू. (थोडक्यात, आईची मागणी.) अपघाताचा विचार करून सीट बनवायला १९६२ साल उजाडलं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये जीन एम्स यांनी मागे तोंड असलेली सीट तयार केली.

पण खरी गोष्ट स्वीडनची. बेर्टिल अल्डमान नावाच्या डॉक्टरांनी जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या सीट्स टीव्हीवर पाहिल्या. उड्डाणाचा प्रचंड दाब ते पाठीवर रेलून घेतात, म्हणजे तो सगळ्या पाठीवर वाटला जातो. मग बाळाला असंच बसवलं तर? १९६४ साली त्यांच्या सीटचा पहिला नमुना व्होल्वोच्या गाडीत तपासला गेला.

यामागचं गणित सोपं आहे. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड, उंचीच्या जवळजवळ पाव भाग. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी अडतं, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटमध्ये दाबली जातात.

आता प्रश्न 'कधीपर्यंत?' स्वीडनमध्ये मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत अशीच बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा, २००२ चा सल्ला होता: किमान एक वर्ष आणि २० पौंड. आईचं 'वर्ष झालं ना' अगदीच हवेतलं नव्हतं तर! २०११ मध्ये त्याचं दोन वर्षं झालं. त्यासाठी ज्या अभ्यासाचा मोठा आधार घेतला, तो २००७ चा. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, कारण त्या अभ्यासाच्या आकडेमोडीतच चूक निघाली आणि तो मागे घेतला गेला. २०१८ मध्ये पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा मागे तोंड असलेल्या मुलांत दुखापतीचं प्रमाण कमीच दिसलं, पण एकूण दुखापती इतक्या थोड्या की ठाम काही म्हणता येईना. त्याच वर्षी संघटनेने वयाची अट काढून टाकली. आता सल्ला असा: सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच ठेवा.

म्हणजे 'अमुक वाढदिवसाला फिरवा' असा जादूचा आकडा नाहीच. आकडा चुकला, पण मानेचं गणित तेच राहिलं. ऑफिसमध्ये एक टेस्ट केस चुकीची निघाली म्हणून आपण सगळा कोड थोडाच फेकून देतो?

रविवारी आईला हे सगळं सांगितलं. अंतराळवीरांचं ऐकून बाबा खूष. आई मात्र गप्पच. आपल्याकडे पोरं मांडीवरच मोठी झाली, मीसुद्धा. (तिकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर लहान मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण असो.) 'आम्ही काय चुकीचं वाढवलं तुला?' हा तिचा न विचारलेला प्रश्न मला ऐकू आला. म्हटलं, "आई, तेव्हा आपल्याकडे गाडी तरी कुठे होती?" तेव्हा कुठे ती हसली.

संध्याकाळी देवळात जाताना ती पुढची सीट सोडून मागे लेकीशेजारी जाऊन बसली. तिथून तोंड अगदी छान दिसतं म्हणे. पाय अजून दुमडलेलेच आहेत, पण लेकीची तक्रार नाही. तिला आजी दिसतेय ना!