यंत्राचे धुके

मार्गशीर्ष लागला की अर्धापूरच्या शिवारात पहाटे धुके उतरते. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी केळीच्या बागांतून खेळलेले असते, जमिनीत ओल असते, आणि त्या ओलीवर थंडी टेकली की बागाच्या बागा दुधात बुडाल्यासारख्या दिसतात. गेल्या मार्गशीर्षात अशाच एका पहाटे मी नांदेड-हिंगोली रस्त्याने फिरायला निघालो होतो. वाटेत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. नांदेडला आय.टी.आय. करून तो वाळूजला एका लहानशा कारखान्यात यंत्रावर काम करीत होता. प्रकृती बरी नाही म्हणून गावी आला होता. दहा पावले चालला की थांबे, आणि खोकून झाले की ओशाळून हसे.

मी सहज म्हणालो, "काय सुंदर धुके पडले आहे बघ."

तो म्हणाला, "गुरुजी, हे धुकं ऊन पडलं की जातंय. आमच्याकडलं जात नाही."

मला त्याचे बोलणे उमगले नाही. मग कठड्यावर बसून त्याने मला समजावून सांगितले. यंत्रात लोखंड कातले जात असताना त्यावर पांढऱ्या पाण्याचा फवारा सुटतो. त्या फवाऱ्याचे इतके बारीक तुषार होतात की ते खाली पडतच नाहीत, हवेत तरंगत राहतात. नग तयार झाला की यंत्राचे दार उघडायचे, आणि दार उघडताच तो ढग तोंडावर येतो. एका पाळीत दोनशे नग, म्हणजे दोनशे वेळा दार. "घरी गेलो तरी जेवणाला त्याचाच वास येतो," तो म्हणाला.

माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. समोरच्या माणसाचे दुःख कोठून सुरू झाले, हे शोधल्यावाचून त्याला चैन पडत नाही. तेव्हा त्या ढगाची कुळकथा शोधण्याच्या मागे मी लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

हत्यार आणि पाणी यांचे नाते फार जुने आहे. सुऱ्यांना धार लावणारा माणूस दगडावर पाणी शिंपडतो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो आणि ती फार तापली की तिचे पाणी उतरले असे म्हणतो. घर्षणाने हत्यार तापते, तापले की मऊ पडते, मऊ पडले की धार जाते. एवढे शास्त्र आपल्या भाषेनेच जपून ठेवले आहे. पण ते पाणी हवेत उडून माणसाच्या छातीत शिरण्याइतका वेग मात्र लोहाराच्या हाताला कधी नव्हता.

तो वेग आणला अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलर नावाच्या माणसाने. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० च्या सुमारास त्याने धातू कातण्याचे प्रयोग सुरू केले आणि ते पुढे सव्वीस वर्षे चालवले. हत्याराचे टोक जेथे धातूला भिडते, नेमक्या त्या ठिकाणी पाण्याची जाड धार सोडली तर कातण्याचा वेग चाळीस टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, असे त्याला आढळले. पाण्याने लोखंड गंजू नये म्हणून त्याने त्यात सोडा मिसळला. पाणी यंत्रांपर्यंत नेण्याची आणि वापरलेले गोळा करून पुन्हा खेळवण्याची व्यवस्थाही त्याने कारखान्यात केली. १९०६ साली त्याने हे सारे ज्ञान जगापुढे मांडले. हाच टेलर पुढे हाती घड्याळ धरून कामगाराच्या हालचालींचे सेकंद मोजण्याच्या पद्धतीबद्दल जगप्रसिद्ध झाला. ते घड्याळ वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण शेवटी आपल्याला त्याच्याकडेच परत यायचे आहे.

पुढे सोड्याच्या पाण्याची जागा तेलाने घेतली, आणि मग तेल व पाणी यांच्या मिश्रणाने. हे मिश्रण दुधासारखे पांढरे दिसते. कारखान्यातले लोक त्याला कूलंट म्हणतात. हत्यारेही पालटली. साध्या पोलादाच्या जागी विसाव्या शतकाच्या आरंभी तापूनही न वितळणारी धार टिकवणारे नवे पोलाद आले, त्यानंतर टंगस्टन कार्बाइड आले. प्रत्येक पायरीला वेग वाढला. फिरत्या नगावर कूलंट आदळले की त्याचे तुषार उडतात. शिवाय तापल्या टोकाशी त्याची वाफ होऊन ती थंड हवेत पुन्हा सूक्ष्म थेंबांच्या रूपाने जमते. वेग जितका अधिक, तितका थेंब बारीक. मोठा थेंब अंगरख्यावर पडतो आणि धुतला जातो. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा थेंब श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो.

याचा धोका जगाला ठाऊक नव्हता काय? पुरते नसले तरी बरेच ठाऊक होते. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच दाखवले होते की धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळे अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो. शंभराहून अधिक वर्षांनी मँचेस्टरच्या आसपासच्या सूतगिरण्यांत, म्यूल नावाच्या चात्यांवर काम करणाऱ्या कामगारांत तोच रोग दिसू लागला. चात्यांना घातलेले खनिज तेल उडून त्यांच्या विजारी भिजत असत. १९२२ साली साऊदॅम आणि विल्सन या दोन डॉक्टरांनी ही गोष्ट वैद्यकीय जगापुढे मांडली. चात्यांना शुद्ध केलेलेच तेल घालावे असा नियम ब्रिटनमध्ये झाला तो १९५३ साली. म्हणजे समजण्यात आणि आवरण्यात एकतीस वर्षे गेली. एवढ्या काळात कामगारांची एक पिढी खपते. दरम्यान १९५० साली यंत्रशाळांतल्या कामगारांनाही तेलामुळे त्वचेचा कर्करोग होत असल्याचे इंग्लंडमध्येच लिहिले गेले होते.

आपल्याकडे हे यंत्र कसे आले? बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. मराठी माणसाच्या यंत्रयुगाचा आरंभ येथून मानण्याची रीत आहे, आणि ती रास्त आहे. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनवणारा कारखाना निघाला. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात, सिकंदराबादेस, १९४३ साली प्रागा टूल्स सुरू झाला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांच्या ऑईल एंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि मोटेची जागा हळूहळू त्या एंजिनांनी घेतली. हे मी अशासाठी सांगतो की, यंत्रशाळेतले धुके ही शहराची बाब आहे, आपल्याला त्याचे काय, असे अर्धापूरच्या केळीवाल्यांनी म्हणू नये. ज्या पंपाने बागेला पाणी चढते त्या पंपाचा दांडा कोणीतरी कोठेतरी लेथवर कातलेला असतो.

आता एक योगायोग पाहा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले आणि मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, भारताच्या कारखाना कायद्याला मंजुरी मिळाली. त्याचे चौदावे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. धूळ, धूर अथवा अन्य दूषित पदार्थ ज्या कारखान्यात निघतो तेथे तो कामगारांच्या श्वासात जाऊ नये व साठू नये असा परिणामकारक उपाय करावा. तो ओढून घेणारे साधन लागले तर ते उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे आणि उगम शक्य तितका बंदिस्त करावा, असा त्याचा आशय होता. आजच्या कोणत्याही तज्ज्ञाला याहून अधिक नेमके सांगता येणार नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, त्याच कायद्याला एक परिशिष्ट जोडले गेले आणि खनिज तेलाच्या धुक्याची मर्यादा एका घनमीटर हवेत पाच मिलिग्रॅम अशी ठरली. पाच मिलिग्रॅम म्हणजे खसखशीचे पंधराएक दाणे. १९९८ साली अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने तर त्याच्या दहाव्या हिश्शावर थांबावे, अशी शिफारस केली. कारण पाणीमिश्रित कूलंटमध्ये जंतू वाढतात, आणि त्या धुक्याने दमा व फुप्फुसाचा दाह होतो, हे तोवर ध्यानी आले होते. इंग्लंडात लाँगब्रिज येथे मोटारींची एंजिने बनवणाऱ्या कारखान्यात २००३-०४ साली असाच आजार अनेकांना एकदम जडला.

मग उपाय काय? उपाय जुनाच आहे आणि साधा आहे. यंत्रे आता पेटीसारखी बंद असतात. त्या पेटीतून हवा ओढून घेणारे साधन डोक्यावर बसवतात. त्याला मिस्ट कलेक्टर म्हणतात. काहींत गरगर फिरणारा पिंप असतो; त्यावर थेंब आदळतात, एकत्र येतात आणि ओघळून परत टाकीत जातात. काहींत एकामागे एक गाळण्या असतात. काहींत विजेच्या भाराने थेंब पत्र्याला चिकटवतात. कॅलिफोर्नियाच्या कॉट्रेल नावाच्या अध्यापकाने १९०७ च्या सुमारास धूर पकडण्यासाठी ही युक्ती व्यवहारात आणली. साधने आहेत. खरा प्रश्न ती केव्हा चालू असतात हा आहे.

हे मला वाळूजला गेल्यावर कळले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुद्दाम त्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात गेलो. आठ यंत्रे, आठांवरही कलेक्टर. पाहून बरे वाटले. पण पाच बंद होते. त्यांचे बटण यंत्रापासून वेगळे होते आणि विजेचे बिल वाचावे म्हणून ते कोणी दाबतच नसे. उरलेल्या तिघांतल्या एकाची गाळणी तेलाने इतकी तुंबली होती की तोंडाशी धरलेला कागदसुद्धा हलेना. मालक स्वतः एकेकाळचा टर्नर, मनाचा वाईट नव्हे. त्याने मला चहा दिला आणि बिल दाखवले.

तेथल्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने मला मर्म सांगितले. कलेक्टरचे बटण माणसाच्या मर्जीवर ठेवूच नये. कूलंटचा पंप सुरू झाला की कलेक्टर आपोआप सुरू व्हावा. पंप थांबला तरी तो लगेच थांबू नये, कारण फवारा थांबला तरी धुके थांबत नाही. पेटीतली हवा स्वच्छ होईपर्यंत, निदान दहा सेकंद, दार उघडूच नये अशी कळ बसवावी. गाळणी तुंबू लागली की दिवा लागावा. या साऱ्याला खर्च किरकोळ येतो.

"मग अडते कोठे?" मी विचारले.

"दहा सेकंदाला अडतंय, गुरुजी," तो म्हणाला.

मी हिशेब मांडला. दोनशे नगांचे दहा-दहा सेकंद म्हणजे दोन हजार सेकंद. अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ. एका पाळीत तेरा-चौदा नग कमी. टेलरसाहेबांचे घड्याळ अजून त्या भिंतीवर लटकत होते! पाणी सोडून वेग चाळीस टक्के वाढला, नव्या पोलादाने आणखी वाढला, कार्बाइडने त्याहून वाढला. सव्वाशे वर्षांत यंत्राने माणसाला वेळेची एवढी मोठी बचत करून दिली, आणि त्या बचतीतून त्याच माणसाच्या श्वासासाठी दहा सेकंद काढायचे तर आपला हात आखडतो. मँचेस्टरची एकतीस वर्षे अज्ञानात गेली नव्हती, अशाच हिशेबात गेली असावीत, असे मला तेथे उभ्या उभ्या वाटले.

मी मालकाला व्याख्यान दिले नाही. माझ्या विद्यार्थ्याची वही मागितली. गेल्या वर्षी खोकल्यामुळे पडलेले त्याचे खाडे मोजले. ते एकोणीस भरले. एकोणीस पाळ्यांचे नग किती होतात हे त्या माणसाला माझ्याकडून शिकायचे नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या महिन्यात त्याने दोन यंत्रांना ती जोडणी करून घेतली. उरलेल्या सहांचे दिवाळीनंतर पाहू, असा त्याचा निरोप आहे. विद्यार्थी त्या दोहोंपैकी एकावर काम करतो. खोकला गेलेला नाही, पण कमी आहे असे तो फोनवर सांगतो. मी त्यावर निम्मा विश्वास ठेवतो, कारण मुले आईला आणि गुरुजींना बरेच वाटते म्हणून सांगत असतात.

आता पुन्हा मार्गशीर्ष येईल. कालव्यावर धुके उतरेल, आणि ऊन पडले की ते जाईल. त्याला कायदा लागत नाही की कळ लागत नाही. माणसाने केलेले धुके मात्र माणसालाच आवरावे लागते. उरलेल्या सहा यंत्रांची चौकशी करायला मी पुन्हा वाळूजला जाणार आहे.