दरी: एका शब्दाची कुळकथा

सह्याद्रीत राहणाऱ्याला दरी म्हणजे काय हे सांगायला नको. कड्यावरून खाली पाहिले की डोळे फिरतात, ती दरी. पण कालिदास ‘कुमारसंभवा’त ‘दरीगृह’ म्हणतो, ते हिमालयातल्या गुहेला. अमरकोशातही दरी आणि कंदर हे शब्द शेजारीशेजारी बसले आहेत. म्हणजे संस्कृतातली दरी ही मुख्यतः गुहा. मराठीतली दरी मात्र डोंगराडोंगरांमधली खोल जागा.

आता हे जमले कसे? उत्तर धातूत आहे. ‘दॄ’ म्हणजे फाडणे, चिरणे. डोंगराच्या पोटात चीर पडली की गुहा, डोंगरच उभा चिरला की दरी. विदीर्ण, विदारक हे आपले नेहमीचे शब्द याच घरचे. इंद्र शत्रूंची पुरे फोडतो म्हणून तो पुरंदर. १६६५ साली शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यात ज्या किल्ल्याच्या नावाने तह झाला, त्याच्या नावातही हाच धातू दडला आहे. इंग्रजीतला फाडणे या अर्थाचा ‘टेअर’ हाही दूरचा भाऊबंदच!

दोन्ही अर्थ एका ठिकाणी पाहायचे तर अजिंठ्याला जावे. वाघोरा नदीने काळा पाषाण कापत कापत घोड्याच्या नालासारखी दरी केली. आणि त्याच कड्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून माणसांनी सुमारे ३० लेणी खोदली. समोरची पोकळी ही मराठी दरी, पाठीमागचा आसरा ही संस्कृत दरी. नाशिकच्या शिलालेखांत अशा खोदकामाला ‘लेण’ म्हटले आहे. आपले लेणे ते हेच.

अलीकडे आपण गरीब-श्रीमंतांतील दरी, दोन पिढ्यांतील दरी असे सहज बोलतो. एकाच गावातला एक मुलगा शाळेत जातो, दुसरा गुरांमागे जातो. वीस वर्षांनी दोघे समोरासमोर आले की बोलायला विषय उरत नाही. आपण म्हणतो, ‘दरी पडली’. जणू पाऊसच पडला! पण ‘दॄ’ हा धातू सकर्मक आहे. फाडणे म्हटले की फाडणारा कोणीतरी आलाच. अजिंठ्याच्या दरीला वाघोरा हा कर्ता आहे. त्या दोन मुलांमधल्या दरीचा कर्ता कोण? ते वाक्य पुरे केल्याशिवाय दरी बुजवण्याची भाषा करण्यात फारसा अर्थ नाही.