पाठ्यग्रंथातून उद्भवलेला संशय : डेव्हिड बोम यांची कारकीर्द

संशोधकाने नवे शोधावे आणि पाठ्यग्रंथकाराने शोधलेले नीट मांडावे, अशी श्रमविभागणी विद्याक्षेत्रात सर्वसाधारणपणे गृहीत धरली जाते. डेव्हिड बोम (१९१७–१९९२) या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाच्या चरित्राकडे पाहिले असता ही विभागणी किती तकलादू आहे, हे ध्यानात येते. पुंजयामिकीतील रूढ मताचे विवेचन करावयास ते बसले. आणि ते विवेचन पुरे होताच त्या मताविषयीच साशंक झाले.

बोम यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बार येथला. बर्कली येथे ओपेनहायमर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. प्रोटॉन व ड्यूटेरॉन यांच्या प्रकीर्णनाविषयीची त्यांची गणिते अणुबाँबच्या कार्यास उपयुक्त ठरल्यामुळे गोपनीय करण्यात आली. डाव्या राजकीय संबंधांमुळे बोम यांना मात्र त्या कार्यात प्रवेश नव्हता. स्वतःचाच प्रबंध लिहिण्यास त्यांना मज्जाव झाला आणि अखेर ओपेनहायमर यांच्या ग्वाहीवर १९४३ साली त्यांना डॉक्टरेट देण्यात आली.

१९४७ साली ते प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापक झाले. ‘क्वांटम थिअरी’ हा त्यांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. गणिती यंत्रणेपूर्वी तीमागील कल्पना उलगडून दाखविणे, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. बोर यांची भूमिका त्यात सहानुभूतीने मांडलेली आहे. गुप्त चलांची कल्पना पुंजयामिकीशी विसंगत आहे, असा युक्तिवादही तीत आहे. आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी १९३५ साली उपस्थित केलेला आक्षेप बोम यांनी येथे परिवलनाच्या भाषेत, एकाच रेणूतून विलग झालेल्या दोन अणूंच्या उदाहरणाने, अधिक सुबोध केला. आक्षेपाचे खंडन करावयाचे तर प्रथम तो त्याच्या सर्वांत समर्थ रूपात मांडला पाहिजे, हा अध्यापकाचा धर्म त्यांनी पाळला.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर आइन्स्टाइन यांच्याशी झालेल्या चर्चेने त्यांचे असमाधान बळावले. १९५२ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मधील दोन निबंधांत त्यांनी पर्यायी उपपत्ती मांडली. तीनुसार कणाला सदैव निश्चित स्थान असते व तरंग त्याच्या गतीचे नियमन करतो; प्रयोगांची फले मात्र रूढ सिद्धांताप्रमाणेच येतात. द ब्रॉय यांनी १९२७ साली सुचवून सोडून दिलेल्या कल्पनेशी हिचे जवळचे नाते होते. गुप्त चले अशक्य असल्याचे फोन नॉयमान यांनी १९३२ साली सिद्ध केले, असा समज तोवर दृढ होता. येथे तर प्रत्यक्ष उदाहरणच पुढे उभे राहिले. मात्र त्याची किंमत द्यावी लागली: दूर असलेले कण परस्परांशी तत्क्षणी निगडित मानणे भाग पडले.

दरम्यान बोम यांचे आसन डळमळले होते. १९४९ साली अमेरिकन लोकप्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे उत्तरे देण्याचे त्यांनी नाकारले. १९५१ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, तरी विद्यापीठाने त्यांची नेमणूक पुढे चालविली नाही. साओ पाउलो, हैफा, ब्रिस्टल आणि १९६१ पासून लंडनचे बर्कबेक महाविद्यालय, असा त्यांचा प्रवास झाला. ब्रिस्टल येथे असतानाच १९५९ साली अहारोनोव्ह यांच्यासह त्यांनी वर्तविलेला परिणाम आज त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

पर्यायी उपपत्तीचे स्वागत थंडच झाले. पाउली यांनी तीवर टीका केली आणि खुद्द आइन्स्टाइन यांचेही तीने समाधान झाले नाही. परंतु जॉन बेल यांनी तिच्यातील दूरसंबंध अटळ आहे काय, हा प्रश्न विचारला आणि १९६४ साली आपला प्रमेय मांडताना बोम यांच्या ग्रंथातील परिवलनाचेच उदाहरण घेतले. त्या प्रमेयाला प्रयोगाच्या कसोटीवर उतरविणाऱ्या क्लाउझर, आस्पे व झाइलिंगर यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगांचा कौल बोम यांच्या उपपत्तीच्या बाजूने लागला, असे मात्र म्हणता येत नाही. कारण रूढ सिद्धांताची भाकितेही तीच आहेत.

तथापि ज्या उदाहरणातून ही परंपरा निघाली, ते एका पाठ्यग्रंथात विद्यार्थ्यांसाठी लिहिले गेले होते. प्रामाणिकपणे शिकविणे हीदेखील संशोधनाची एक रीत आहे, याची याहून ठळक साक्ष क्वचितच सापडेल.